करड्या पेल्याची ऊब

वहिनी निवृत्त परिचारिका. बिनकानाचे जपानी चहाचे पेले जमवायचा त्यांना भारी नाद. रोज चार वाजता त्या लाकडी कपाटातून एक पेला काढत, ग्रीन टी ओतत आणि निवांत बसत.

जुन्या बाजारातून आणलेला करडा पेला मात्र कपाटातून काढताना दरवेळी कोमट लागायचा, नुकताच कुणीतरी पिऊन ठेवल्यासारखा.

"तू घेतलास का गं चहा?" त्यांनी धाकट्या नणंदेला विचारलं.

"तो कडू काढा? माझ्या नाही बाई घशाखाली उतरत!"

वहिनींनी कपाटाला कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली. दुसऱ्या दिवशीही पेला कोमटच. घाबरण्याऐवजी त्यांना ओशाळल्यासारखं झालं. जे कुणी येतं त्याला इतक्या दिवसांत आपण साधं ‘चहा घेणार का’ असं विचारलंसुद्धा नाही! त्यांनी करड्या पेल्यात ताजा चहा ओतला, आत ठेवला आणि पुन्हा कुलूप घातलं.

तासाभराने कपाट उघडलं, तर करडा पेला धुऊन पालथा घातलेला होता. शेजारी त्यांचा आवडता निळा पेला काठोकाठ भरलेला, वाफाळत होता.

त्यांनी हात पुढे केला, तोच आतल्या खोलीतून नणंद म्हणाली, "वहिनी, कोण आलंय हो? मघापासून तुम्हाला बसा, बसा म्हणतायत."