मुखरूनं ठोकून पाहिलेलं घर

मुखरूनं तिसऱ्या खांबावर हातोडी मारली आणि कान लावला. आवाज टणक आला. पहिल्या दोन खांबांचाही तसाच आला होता, आणि दर आवाजागणिक मुखरूचं तोंड उतरत चाललं होतं.

"झालं का, भाऊ?" अंगणातून घनश्यामनं विचारलं. तो चांद्याच्या एका लाकूड-ठेकेदाराचा मुनीम. गावाजवळ जंगलाची तोड सुरू होणार होती आणि त्याला इथंच बस्तान बसवायचं होतं. "मी त कवाचंच पसंत केलं घर. पाहाले राह्यलंच काय आता?"

"घाई नोको करू," मुखरू म्हणाला. "बैल नाई आवडला त बाजारात इकता येते. घराचं तसं नसते."

मुखरू जातीचा सुतार. आसपासच्या दहा गावांत घर विकायचं असो, घ्यायचं असो की नवं उभारायचं असो, मुखरूनं ठोकून पाहिल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकत नसे. एकदा शेजारच्या गावात त्यानं एक भिंत पडणार म्हणून सांगितलं. घरधनी हसला. आठव्या दिवशी भिंत गेली आणि तिच्याखाली म्हैसही गेली. तेव्हापासून मुखरूचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चाळीस वर्षांत त्यानं वाईट घराला चांगलं म्हटलं नव्हतं की चांगल्याला वाईट. सख्ख्या मेहुण्याचीही गय केली नाही, म्हणून मेहुणा अजून बोलत नाही.

आज सकाळी मात्र 'गोकुळाबाईचं घर पाहून जा' असा सांगावा आला, आणि तो घनश्यामनंच धाडला असं धरून मुखरू जड पावलांनी निघाला.

गोकुळाबाई तलावावर मासे धरणाऱ्या घरातली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा बिरजू चांद्याला कोळशाच्या खाणीत लागला होता आणि घर विकून माझ्याकडे ये म्हणून आईच्या मागे लागला होता. मुखरूचीही बायको कधीच गेलेली. रोज दिवस कलला की तो बिडीसाठी विस्तव मागायला गोकुळाबाईच्या ओसरीवर येई. खिशात काडेपेटी असे, पण ती तो काढत नसे. दोघं धानाचं बोलत, पाण्याचं बोलत, कधी काहीच बोलत नसत. जे सांगायचं होतं ते नऊ वर्षांत त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. साठीच्या माणसानं असलं बोलावं तरी कोणत्या तोंडानं? त्यात ती त्याला भाऊ म्हणे. इकडे सगळ्यांनाच भाऊ म्हणतात, हे त्यानं स्वतःला शंभरदा समजावलं होतं.

शिडी लावून तो आढ्यापाशी चढला. आढं म्हणजे छपराचा कणा, ते गेलं की घर गेलं. बावीस वर्षांपूर्वी हे सागवानी आढं त्यानंच चढवलं होतं. त्यानं ठोकलं. खणखणीत आवाज आला. अजून पन्नास पावसाळे सहज निघाले असते.

खाली गोकुळाबाई दारात उभी होती. भिंती ताज्या सारवलेल्या, छपरावरची फुटकी कवेलू बदललेली, परसात दोडक्याच्या वेलासाठी नवा मांडव घातलेला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावं म्हणून बाईनं काय काय केलं होतं! मुखरूला तिचा रागच आला. जायची एवढी हौस!

"काय म्हणता, भाऊ?" तिनं विचारलं. तिचा आवाज जरा कापत होता.

मुखरूनं तिच्याकडे पाहिलं नाही. "आढं पोकळ हाय," तो म्हणाला. "उधईनं आतून खाल्लं. यंदाचा पावसाळा काई काढत नाई."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. चाळीस वर्षांची पुण्याई घालवायला एवढाच वेळ लागतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"वाचवलं तुमी मले," घनश्याम म्हणाला. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेल्यापासून मालगुजाराचं जुनं घर रिकामं होतं, त्याची चौकशी करायला तो निघूनही गेला.

मुखरू ओसरीवर टेकला. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. आता हे घर कोण घेतो? बाई राहते इथंच. उद्या येऊन आढ्याला दोन टेकू लावू, दुरुस्त झालं म्हणून सांगू, म्हणजे तिच्याही जिवाला घोर नको.

"बाई, विस्तव देता का जी?" त्यानं हाक मारली.

विस्तव आला नाही. आतून भांडी आवरल्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं गोकुळाबाई बाहेर आली. काखेत वळकटी होती, हातात गाठोडं.

"कुठी चालल्या?"

"बिरजूकडे. दुपारची मोटर भेटते अजून."

"काऊन पण? घर त इकलं नाई!"

"मिरग आठ दिवसांवर आला, भाऊ. पडत्या घराखाली कशी निजू?"

मुखरू उठला. तो तिच्या वाटेत आडवा झाला. "बाई, मी खोटं बोललो. आढं पक्कं हाय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि हलकंसं हसली. "खोटं? तुमी? कायले बोलसान जी खोटं?"

कशासाठी ते सांगायला एक वाक्य पुरे होतं. ते याही वेळी, नऊ वर्षं जिथं अडलं होतं तिथंच अडलं. 

"मले वाईट वाटलं म्हणून म्हणता," ती म्हणाली. "जे कोनासाठी केलं नाई, ते माह्यासाठी नोका करू. तुमचा शब्द तसाच राहू द्या."

तिनं दार ओढून घेतलं आणि कडी घातली.

"सांगावा घनश्यामनं नोता धाडला, मीच धाडला होता," ती कडीवर हात ठेवूनच म्हणाली. "तुमी नुसतं 'घर पक्कं हाय' म्हणाले असते ना भाऊ, त त्याले अन् बिरजूले, दोघायलेबी नाई म्हणून मी इथीच राह्यली असती."