तासभराचा बोळा
“दाढ मुळापर्यंत किडलीया आक्का, काढायलाच पाहिजे,” निपाणीचा डॉक्टर म्हणाला. “इंजेक्शन दिल्यावर दुखायचं न्हाय, नुसतं ओढल्यागत वाटंल. संगं कोण आलंय?” “कोण न्हाय.” दाढ निघाल्यावर हिरडीवर कापसाचा बोळा ठेवून त्यानं बजावलं, “तासभर घट्ट दाबून धरायचा. थुंकायचं न्हाय, बोलायचं न्हाय.” बोरगावच्या बसमधनं उतरून ती घराचं कुलूप काढत होती, तोच बेंगळुरूहून मुलाचा फोन आला. एरवी ती आठवडाभराचं साठलेलं सांगायला लागली की त्याला मीटिंग आठवायची. आज तोच नव्या फ्लॅटचं, ट्रॅफिकचं, नातीच्या शाळेचं सांगत सुटला. ती प्रत्येक गोष्टीला “हूं” म्हणत गेली. “आई, किती दिवसांनी निवांत बोललो गं आपण,” म्हणत त्यानं फोन ठेवला. तास भरल्यावर तिनं बोळा काढला. बंद फोन कानाला लावून म्हणाली, “आज दाढ काढली रं.”