चक्कीची घरघर

“माझा धोंडू मचाणावर निजला की रानडुकरं पिकाकडं फिरकत न्हाईत,” आई साऱ्या गावाला सांगायची. तिला जाऊन वीस वर्षं झाली. पण वळकटी खांद्यावर टाकून पवनचक्कीकडं निघालं की धोंडप्पाला तोच आवाज आठवे आणि ऊर भरून येई. राखण त्याच्या हाडात होती.

आता राखायची होती बायकोची झोप.

मंद्रूपच्या अलीकडं त्यांचं गाव. अठ्ठ्याहत्तर साली सोलापूरच्या साहेबांनी धोंडप्पाच्या परसाला लागूनच चक्की उभारली. वारं सुटलं की चाक फिरे, हौदात पाणी पडे. बायाबापड्यांची दोन मैलांची पायपीट सरली. त्याच सुमारास लेकानं रानाची राखण अंगावर घेतली आणि धोंडप्पा घरी निजू लागला. म्हणून तर त्याला शिवबाईचे हाल दिसले. डोळे खोल गेलेले, डोकं ठणकतंय, तव्यावर भाकरी करपतीय.

मंद्रूपच्या डॉक्टरांनी विचारलं, “झोप का येत नाही, आक्का?”

शिवबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला. “घरघर हुती. मदीच थांबती. वाटतं, सुटले. की फिरून सुरू.”

“घराला लागून चक्की हाय, साहेब,” धोंडप्पा म्हणाला.

“मग तीच,” डॉक्टर म्हणाले. शिवबाई पदराशी चाळा करत राहिली.

त्या दिवसापासून धोंडप्पा चक्कीखाली निजू लागला. दिवेलागणीला चाक दोरानं बांधायचं, उजाडता सोडायचं. दोनदा दोर बांधायचा राहिला, तरी शिवबाई सकाळी टवटवीत. महिन्याभरात गालावर तुकतुकी आली. जात्यावर ओवी आली. धोंडप्पाच्या जिवाचा घोर मिटला.

हौद मात्र अर्धाच भरू लागला. तक्रार गेली, तसा चक्कीचा फिटर भीमाशंकर आला. सगळं ऐकून म्हणाला, “रात्रीचं बांधून कसं चालंल, मामा? आन् ह्या वयात तुमी उघड्यावर किती दिवस निजणार? चक्कीच उचलतो. वैरागकडचं एक गाव कवाधरनं मागतंय. तुमी निवांत घरात निजा.”

हौदावरच्या बायांच्या घागरी जागच्या जागी थांबल्या. साऱ्याजणी शिवबाईकडं बघत राहिल्या.

“माझी बायको जगली पायजे,” धोंडप्पा मान खाली घालून म्हणाला. “न्या चक्की.”

भीमाशंकरनं पाना काढला.

“थांबा की, भाऊ,” शिवबाई म्हणाली. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव तिनं कधी उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं, आणि त्याच्यातलं उणं तर उखाण्यातही नाही. तिनं पदर डोक्यावर सारखा केला, डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं,

“गुमान फिरती चक्की, लागलं की वारं;
धोंडप्पा घोरत्यात, हादरतंय घर सारं.”