शामलाचा फिटनेस बँड

सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींच्या मनगटांवर एकेक करून फिटनेस बँड दिसायला लागले, तसा शामलालाही एक हवासा वाटला. रामाजींनी गांधीबागेतलं कापडाचं दुकान दुपारीच बंद केलं आणि बायकोला घेऊन सीताबर्डीला गेले. तिथे प्रत्येक बँड उलटापालटा करून ते एकच विचारत होते, "याच्यातून रेडिएशन किती येते?"

"नावापुरतं, काका," दुकानदार म्हणाला.

रामाजींनी हातातला बँड खाली ठेवला. "रातंदिवस अंगाले चिकटून राह्यते हे. तुले काही झालं तं मी कोणाकडं पाहू वं?"

शामला हिरमुसली, पण त्यांची काळजी तिला कळली. दोघं रिकाम्या हातांनी घरी आले.

वर्षभराने तिच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली, आणि कळलं तेव्हा ती पार पसरली होती. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहून फाईल मिटली. "आता कुठलेच उपचार त्यांना सोसवणार नाहीत. घरी घेऊन जा."

रामाजी खुर्चीतून उठले आणि त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले.



"असं नका म्हणू, सायेब. थोडं तरी रेडिएशन द्या न तिले."