मोसमातले सात सिनेमे

"आई, हा भुताचा सिनेमा तू बघणारेस?"

लेकीने फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं. आईने शिलाई मशीनवरून मान वर केली नाही.

"बघू. अजून लागायचाय."

येत्या तीन महिन्यांत लागणारे सात सिनेमे त्या कागदावर आईच्या टपोऱ्या अक्षरात उतरले होते. पहिला बुडत्या जहाजाचा. दुसरा म्हाताऱ्या गुप्तहेर बाईचा, त्याखाली दोन रेघा. तिसरा साडेतीन तासांचा, लढाईचा, आणि त्याच्यापुढे "मध्यंतर आहे ना, विचारणे". पाचवा हा भुताचा. आई अशी, की लाइट गेल्यावर शेजारच्या घरात भांडं पडलं तरी दचकायची. त्या पाचव्यापुढे बारीक अक्षरात एकच शब्द होता : "त्यांच्यासाठी."

लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर बाटल्यांवरची लेबलं वाचून तिची नजर तयार झालेली. तो शब्द तिच्या नजरेतून निसटणं शक्यच नव्हतं. पण तिने पुढे काही विचारलं नाही. उलट तिला आतून बरं वाटलं.

बाबा गेले तेव्हा ती सातवीत होती. नातेवाईक चार दिवस येऊन बसले, डोळे पुसले, भरपूर सल्ले दिले आणि आपापल्या घरी परतले. पाचव्या दिवशी आईने मशीनला तेल घातलं. लोकांच्या बाह्या आखूड करत, तुटक्या चेनी बदलत तिने लेकीला शिकवलं, मार्गी लावलं. बाबांचा विषय दोघी काढत नसत. काढून माणूस थोडाच परत येणार होता? त्या सगळ्या वर्षांत आई थिएटरची पायरी चढली नव्हती.

आणि आता गेल्या हिवाळ्यापासून ती दर महिन्या-दोन महिन्यांनी शनिवारी दुपारी सिनेमाला जायला लागली होती. "मैत्रिणीबरोबर" म्हणायची. परत आली की चहा टाकता टाकता गुणगुणायची. मैत्रिणीमुळे कोणी असं गुणगुणत नाही, एवढं लेकीला कळत होतं.

तिचा संशय लॉंड्रीवाल्यावर होता. आई अर्धा दिवस त्यांच्याच दुकानात बसून दुरुस्तीची कामं करायची. माणूस एकटा, सरळ, बोलायला मोकळा. एका संध्याकाळी लेक धुवायला टाकलेला कोट आणायच्या निमित्ताने तिथे गेली आणि तिने खडा टाकून पाहिला.

"काका, यंदा बरेच चांगले सिनेमे येतायत म्हणे."

"येत असतील," ते इस्त्री फिरवत म्हणाले. "मला खुर्चीत बसवून दिवे घालवले, की दहाव्या मिनिटाला घोरतो मी. शेजारच्याला पडद्यापेक्षा माझंच जास्त ऐकू येतं."

काय साळसूद माणूस आहे, लेकीला वाटलं. तिला ते आणखीनच आवडले.

त्याच दिवशी जेवताना तिने विषय काढला.

"मैत्रीण नाहीये ना ती?"

आईने पाण्याचा घोट घेतला. "नाही."

"मग एकदा घरी आण की."

"तुला रुचेल असं नाही."

"मला काय करायचंय? इतकी वर्षं राबलीस. हल्ली हसतेस. मला तेवढं पुरे आहे."

"आधी बघ, मग बोल."

"आधीच बोलते. कोणीही असू दे, मी वाकडा शब्द काढणार नाही."

आई ताट उचलत म्हणाली, "घरी नको. पहिल्या सिनेमाला तूच चल. तीन तिकिटं काढते. अंधारात तीन तास कोणाला काही बोलावं लागत नाही."

पुढचे दोन आठवडे मजेत गेले. रोज जेवणानंतर दोघी मोबाइलवर डोकी जोडून जहाजाच्या सिनेमाची झलक बघायच्या. कोण वाचणार, कोण बुडणार, यावर वाद घालायच्या. आईने स्वतःच्या निळ्या ड्रेसची बाही तीनदा उसवली आणि तीनदा शिवली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना तिने एवढा वेळ कधी दिला नव्हता.

शनिवारी दोघी निघाल्या. वाटेत लॉंड्री लागली. काका घामाघूम होऊन चादरींना इस्त्री करत होते. त्यांनी आतूनच हात हलवला.

"जाऊन या. जहाजाचं काय झालं ते सोमवारी सांगा मला."

लेक चार पावलं चालून थांबली. "म्हणजे ते नाहीत?"

"ते?" आई खळखळून हसली. "अगं, घोरतात ते."

थिएटरच्या दालनात पहिल्या खेळाची गर्दी होती. आईने लेकीचा हात घट्ट धरला. लेकीच्या लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची, अगदी तसा. समोर खांबाजवळ एक उंच माणूस पाठमोरा उभा होता. केस पांढरेशुभ्र, शर्ट कडक इस्त्रीचा, खांदे किंचित पडलेले. पॉपकॉर्नचे तीन डबे दोन हातांत सांभाळताना त्याची तारांबळ उडाली होती.

"आलो आम्ही," आई म्हणाली.

माणूस वळला. डब्यातल्या चार लाह्या खाली सांडल्या. मग त्याने कसाबसा एक डबा तिच्यापुढे केला.

"मोठी झालीस. मी घर सोडून गेलो तेव्हा सातवीत होतीस," बाबा म्हणाले.