रशियात कोण आहे?

शाळेत मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या कांताबाई हेडाऊंनी पक्षी पाहायला सैबेरियात जायचं ठरवलं. पासपोर्टच्या चौकशीला त्यांच्या प्रताप नगरातल्या घरी हवालदार आला, तेव्हा दिरानं त्याच्यासमोरच सुनावलं, "वहिनी, लोकं परदेशात लेकी-जावयाकडे जातात. तुमाले ना लेक ना जावई. काहून हसं करून घेता?"

हवालदारानंही लिहिता लिहिता पेन थांबवलं. "खरंच बाई, रशियात कोण आहे तुमचं?"

कांताबाईंनी अंगणात शेपट्या हलवत फिरणाऱ्या परीट पक्ष्यांकडे बोट दाखवलं.



"ह्या माह्या लेकी. दर दिवाळीले तिथून माहेरी येतात, होळी झाली का वापस जातात. वीस वर्षं झाली, आता यांचं सासर पाहाचं हाये मले. लिहा!"