सांतोची लाट

पिंप अडकलं तेव्हा गाणं निम्मंच झालं होतं.

वीस फुटी कंदील, त्यात पाच हजार दिवे. ठेक्यावर नाचता नाचता ते एकदम जिथल्या तिथे थिजले. गाणं मात्र चालूच राहिलं. सान फर्नांडोच्या मैदानात जमलेल्या हजारो माणसांच्या तोंडून ‘अरेरे’ निघालं. नदीपलीकडच्या वस्तीतल्या पोरांनी तेवढ्यात शिट्ट्या मारून घेतल्या.

मंचावर पहिल्याच खुर्चीत पिस्यो लिंगात बसला होता. वय एकोणऐंशी. अंगात पांढराशुभ्र, भरतकाम केलेला बारोंग सदरा. साठ वर्षं त्याने चर्चमागच्या वस्तीसाठी दर नाताळात कंदील बांधले होते. आज त्याचा हा कंदील नाचून झाला की मनिलाहून आलेल्या बाई त्याच्या गळ्यात लोककारागिराचं पदक घालणार होत्या. त्या वस्तीत असा मान आजवर कोणाला मिळाला नव्हता. बायको सिद्रा सकाळपासून बजावत होती, “आज कशालाही हात लावायचा नाही. सदरा काळा केलास तर बघ!”

पिस्यो ताडकन उठला.

“तातांग, बसा! आता तुमचंच नाव घ्यायचंय,” सूत्रसंचालन करणारी मुलगी मागे धावली. गावात सगळे त्याला आदराने तातांग, म्हणजे बाबा, म्हणत.

“घे की मग. ऐकतो मी तिकडून,” म्हणत तो मंचावरून जवळजवळ घसरतच खाली उतरला. गर्दीतून वाट काढताना गरम बिबिंकाची, तांदळाच्या केकची, एक टोपली कलंडली. विकणारी बाई ओरडणार होती, पण कोण आहे ते बघून तिनेच लोकांना बाजूला ढकलायला सुरुवात केली. “सरका रे, तातांगना जाऊ द्या!”

कंदिलाच्या नाचाचं सगळं गुपित मागच्या पत्र्याच्या पिंपात. पिंपावर चिकटपट्ट्यांची नक्षी, आणि वर तारांना अडकवलेल्या शेकडो केसांच्या पिना. दांडा धरून पिंप हाताने फिरवलं की पिना त्याला घासत जातात. पिन पत्र्याला लागली की दिवा पेटतो, पट्टीवर चढली की विझतो.

पिस्यो धापा टाकत तिथे पोचला, तर पिंपावर आधीच कोणीतरी ओणवं झालं होतं.

तो सांतो मनालांग होता. नदीपलीकडच्या वस्तीचा उस्ताद. यानंतर त्याच्याच कंदिलाची पाळी होती. बावीस वर्षं हे दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. पिस्योच्या कंदिलात एक लाट होती. मधोमध उठायची आणि फुटत फुटत काठापर्यंत जायची. अख्खा गाव त्या लाटेवर जीव टाकायचा. ती लाट माझी आहे, असं सांतो एकदाच बोलला होता. लोक त्याला हसले. मग त्याने तोंड मिटलं, आणि स्वतःच्या कंदिलात ती लाट कधीच लावली नाही.

“त्याला बाजूला करा! मोडून ठेवेल सगळं!” पिस्योच्या वस्तीतले गडी ओरडत होते. दोघांनी सांतोचा दंड धरलाही होता.

“दव पडलंय,” सांतो मान वर न करता म्हणाला. “पट्टी सुटून पिनांत गोळा झालीय. पुढे रेटलंत तर सगळ्याच पट्ट्या सोलून निघतील. उलटं फिरवा.”

“उलटं?” पिस्यो किंचाळला. “लाट उलटी जाईल!”

“दांडा धर म्हाताऱ्या, नाहीतर सरक तिकडे!”

पिस्योने दांडा धरला. सांतोने सुटलेली पट्टी तळव्याने दाबली आणि दुसऱ्या हाताने जोर लावला. पिंप कुरकुरलं, हललं आणि उलटं फिरू लागलं.

आणि मग असा गलका उठला की खालची जमीन हादरली. पिस्योने मान लांब करून पाहिलं. कंदिलाच्या काठावरून, चारही बाजूंनी उजेड आत धावत येत होता. लाटांवर लाटा. सगळ्या मधोमध येऊन आदळत होत्या आणि तिथे एक चांदणी उमलत होती. मिटत होती, पुन्हा उमलत होती. साठ वर्षांत त्याने असं काही बघितलं नव्हतं.

“थांबू नकोस! फिरव, फिरव!” सांतो ओरडत होता आणि लहान पोरासारखा हसत होता.

गाणं संपलं. लोकांनी पिस्योला उचलूनच मंचावर नेलं. सदरा कोपरापर्यंत काळा झाला होता, पण सिद्राला ते दिसलंही नाही. ती टाळ्या वाजवत होती.

“तातांग, ही लाट सुचली तरी कशी तुम्हाला?” मुलीने माईक पुढे केला.

मनिलाच्या बाई पदक हातात घेऊन उभ्या होत्या. मैदान कान देऊन ऐकत होतं. पिस्योने खाली पाहिलं. सांतो पँटला हात पुसत आपल्या कंदिलाकडे निघाला होता.

“मला नाही सुचली,” पिस्यो म्हणाला. “बावीस वर्षांपूर्वी सांतोच्या घरामागे गेलो होतो. कुडाच्या फटीतून बघितली. घरी येऊन पट्ट्या लावल्या. लाट त्याची आहे. हे पदक मला द्यायचं की नाही, ते त्यालाच विचारा.”

सिद्राचे हात थांबले. कोणी शिट्टी मारली नाही. माणसांनी सांतोला ढकलत ढकलत मंचावर चढवलं.

“आता तुम्हीच सांगा, काय करू?” बाईंनी विचारलं.

“घाला की गळ्यात. कंदील बांधावा तर यानेच,” सांतो म्हणाला. मग तो पिस्योकडे वळला. बावीस वर्षांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं.

“चोरलीस त्याचा राग नव्हता रे मला! पण लेका, चोरायची तर नीट बघून तरी चोरायचीस. बावीस वर्षं माझी लाट उलटी फिरवत होतास!”